घरी शुश्रूषेला माणूस ठेवण्याआधी

(वर्षावास समाप्तीनिमित्त राणीसावरगाव येथे झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



तीन महिने या ठिकाणी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले. समारोपाला त्या ग्रंथावर बोलणारे विद्वान वक्ते मिळाले असते. परंतु मंडळाच्या लोकांनी आम्हाला निरोप धाडला तो वेगळाच. ते म्हणाले, “घरोघरी म्हातारी माणसे अंथरुणाला खिळली आहेत, पोरे पुण्या-मुंबईला आहेत, आणि जो तो ब्युरोची बाई ठेवा म्हणतो आहे. तुम्ही हे भोगलेले आहे, तेव्हा त्यावरच बोला.” हा विषय कोणाला धम्माबाहेरचा वाटेल. तो तसा नाही, हेच आज आम्हाला सांगायचे आहे.

आधी आपल्या घरची परिस्थिती पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या गंगाखेड तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. शिकलेली मुले नोकरीसाठी शहरात राहतात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची लेकरे. अशात एखाद्याला लकवा मारतो, एखादी आई घसरून पडते आणि खुब्याचे हाड मोडते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढे गंगाखेड, परभणी. आजार मोठा असला तर अंबाजोगाई, लातूर, नांदेड. तेथे उपचार होतात, आठ-पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या, घरीच सेवा करा. दवाखान्यातून सुट्टी होते, पण आजाराला सुट्टी होत नसते. पूर्वी ही सेवा घरातील सून किंवा लेक करीत असे आणि तिच्या कष्टाची मोजदाद कोणी ठेवली नाही. आता सूनही कामाला जाते. मग मुलगा आई-वडिलांना शहरात नेतो आणि ब्युरोला फोन लावतो.

आम्हीही तेच केले. आमच्या वडिलांना पक्षाघात झाला, गिळता येईना, म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली होती. त्यांना पुण्याला भावाच्या घरी नेले. कोणीतरी एका ब्युरोचा नंबर दिला. आम्ही फोनवर एकच प्रश्न विचारला, “महिन्याचे किती?” पलीकडून आकडा आला, “शिकलेली सिस्टर पाठवतो,” असे आश्वासन आले, आणि आम्ही महिन्याची आगाऊ रक्कम भरून मोकळे झालो. दुसऱ्या दिवशी एक विशीतली मुलगी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. चार दिवस बरे गेले. पाचव्या रात्री तिने वडिलांना आडवे निजवूनच नळीतून पेज दिली. पेज उलटून श्वासनलिकेत गेली, ठसका थांबेना, श्वास कोंडला. पहाटे त्यांना पुन्हा दवाखान्यात न्यावे लागले. फुप्फुसात संसर्ग झाला होता, बारा दिवस ते तेथे राहिले.

त्या मुलीवर आम्ही फार रागावलो. ती रडत म्हणाली, “काका, मला नळीचं काम येत नाही, असं मी ब्युरोवाल्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, जा, बघून बघून शिकशील.” मग कळले की ती शेजारच्याच तालुक्यातली, आईबाप ऊसतोडीला जाणारे. आम्ही भरलेल्या पैशांतले निम्मेही तिच्या हातात पडत नव्हते. बंधूंनो, त्या रात्री दोष तिचा किती, ब्युरोचा किती आणि आमचा किती? पुष्कळ विचार केल्यावर आम्हाला वाटते की आमचा दोष लहान नव्हता. ‘किती?’ या एका प्रश्नापलीकडे आम्ही काही विचारलेच नव्हते. बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरीसुद्धा दात पाहतो, चाल पाहतो, खोड विचारतो. आम्ही जन्मदात्याची सेवा सोपवताना काहीच विचारले नाही.

मग काय विचारायला हवे होते? याचे उत्तर आम्हाला नंतर सापडले, आणि ते अडीच हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. तथागत आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासस्थानी फिरत असता त्यांना एक भिक्खू हगवणीने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला दिसला. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. तो नाही म्हणाला, कारण त्याने कधी इतर भिक्खूंसाठी काही केले नव्हते. तथागतांनी आनंदाकरवी पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खूंना बोलावून सांगितले की येथे तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु तेथेच पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत, तिकडे आपले लक्ष जात नाही. त्याला औषध तयार करून देता येते. रुग्णाला हितकारक काय व अपायकारक काय हे तो जाणतो. तो मैत्रीभावनेने सेवा करतो, लाभासाठी नव्हे. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढण्याची त्याला किळस नसते. आणि वेळोवेळी चांगल्या गोष्टी सांगून तो रुग्णाचे मन उभारी धरील असे करतो. हे पाच गुण म्हणजेच आपले पाच प्रश्न होत.

पहिला प्रश्न औषधाचा. ब्युरोला विचारा : येणारी व्यक्ती नर्स आहे की मदतनीस? शहरात पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकीला सिस्टर म्हणतात, येथेच फसगत होते. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवलेली ती नर्स. तिच्याकडे नोंदणी क्रमांक असतो, तो मागून घ्यावा. बाकीच्या म्हणजे आयाबाई, मावशी, वॉर्डबॉय किंवा काही महिन्यांचा वर्ग केलेले मदतनीस. त्यांचे काम हलके नाही. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, चालवणे, ठरलेल्या वेळी गोळ्या देणे हे सारे त्यांनीच करायचे. परंतु शिरेतून इंजेक्शन देणे, नाकातली किंवा लघवीची नळी बदलणे हे त्यांच्याकडून करवून घेऊ नये. तेव्हा आपल्या रुग्णाला कोणाची गरज आहे हे आधी डॉक्टरांना विचारावे, कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद ब्युरोला दाखवावा. नर्सचे पैसे घेऊन मदतनीस पाठवणारे आणि मदतनिसाचे पैसे देऊन नर्सचे काम मागणारे, दोघेही अपराधी आहेत.

दुसरा प्रश्न हित-अहित ओळखण्याचा. या आजाराचा रुग्ण पूर्वी सांभाळला आहे काय, हे ब्युरोच्या मालकाला नव्हे, येणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून विचारावे. प्रश्न साधे असावेत. नळीतून अन्न देताना रुग्णाला कसे ठेवाल? डोक्याकडची बाजू चांगली उंच करून, आणि दिल्यानंतरही निदान अर्धा तास तसेच ठेवून, हे उत्तर आले पाहिजे. आमच्या वडिलांच्या वेळी हा एक प्रश्न विचारला असता तर ते बारा दिवस टळले असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळाने बदलाल? साधारण दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. मधुमेही माणसाला दरदरून घाम आला, हातपाय थरथरू लागले तर काय कराल? साखर उतरली असेल हे ओळखून, तो शुद्धीवर असेल तर साखर किंवा गोड पाणी द्यावे, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ही उत्तरे ज्याला येत नाहीत त्याला हाकलून द्या असे आम्ही म्हणत नाही. त्याला शिकवल्याशिवाय रुग्णाजवळ एकटे सोडू नका, एवढेच म्हणतो.

येथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने जर्जर केले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर म्हणजे माईसाहेबांशी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि पुढे बाबासाहेबांचे औषध व पथ्यपाणी त्या पाहत. अशा आजाराला जाणत्या माणसाचा हात लागतो. ज्ञानाशिवाय केलेली सेवा कितीही प्रेमाची असली तरी पुरी पडत नाही. प्रज्ञा आणि करुणा या दोन्ही लागतात, असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले ते घरच्या बाजेपाशीही खरे आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. सेवा मैत्रीने करावी, लाभासाठी नव्हे, असे तथागत म्हणतात. आणि आपण तर पगार देऊन माणूस आणतो. मग पगार मागणारी बाई लोभी ठरते काय? मुळीच नाही. त्याच तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : नोकराला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, तो आजारी पडल्यास त्याची शुश्रूषा करावी, घरात गोडधोड झाले तर त्याला वाटा द्यावा, आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. कष्टाची मजुरी मागणे म्हणजे लोभ नव्हे. लोभ शोधायचा तो मधल्या दलालीत. म्हणून ब्युरोला न लाजता विचारा : आम्ही देतो त्यातले तिच्या हातात किती पडते? पगार दर महिन्याला कोणत्या तारखेला देता? आठवड्याची सुट्टी आहे काय? तिच्याकडून अनामत रक्कम किंवा मूळ कागदपत्रे अडकवून ठेवता काय? ती अठरा वर्षांची आहे काय? आणि हेच प्रश्न तिलाही एकांतात विचारा. दोन उत्तरे जुळली नाहीत तर त्या ब्युरोचा नाद सोडावा. जी बाई उपाशी, झोपमोड झालेली आणि पगारासाठी तंगवलेली आहे, तिच्या मनात मैत्रीभावना टिकावी कशी?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्या बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि त्याच फोटोखाली एका बाईला चोवीस तास, महिना महिना, सुट्टीवाचून राबवायचे, हे आपल्याला शोभत नाही. चोवीस तासांचे माणूस ठेवले तरी तिला रात्री सलग झोप मिळाली पाहिजे. रुग्णाला रात्रभर जागून पाहावे लागत असेल तर दोन पाळ्यांना दोन माणसे हवीत, नाहीतर रात्रीची पाळी घरच्यांनी वाटून घ्यावी.

चौथा प्रश्न किळस न येण्याचा. मलमूत्र काढावे लागेल, हे आधीच स्पष्ट सांगावे. पुष्कळ ब्युरोवाले ही गोष्ट बाईपासून लपवतात आणि घरी आल्यावर तंटा होतो. तसेच कोणते काम तिचे नाही हेही ठरवावे. रुग्णाची भांडी आणि रुग्णाचे कपडे तिचे, सगळ्या घराची धुणीभांडी तिची नव्हेत. परंतु या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, ती आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. हजारो वर्षे घाण काढायची कोणी, हे जातीने ठरवले. आजही काही घरांत शुश्रूषेला आलेल्या बाईची जात विचारतात, तिचा कप वेगळा ठेवतात. भारतीय संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचे आचरण हा गुन्हा आहे. जो ब्युरो तुम्हाला “कोणत्या जातीची बाई पाठवू?” असे विचारतो त्याला तेथेच नमस्कार करावा. आणि आपणही “आपल्यातलीच हवी” असा हट्ट धरू नये. ती कामात जाणती आणि मनाने मायाळू आहे काय, एवढेच पाहावे.

पाचवा प्रश्न मनाला उभारी देण्याचा. ती बोलते कशी, हे पाहावे. म्हाताऱ्या माणसाला एकेरीत दरडावते की ‘आजी’, ‘बाबा’ म्हणते? मोबाईल हातात धरून बसते की रुग्णाशी दोन शब्द बोलते? आपल्या मराठवाड्याची म्हातारी पुण्याच्या फ्लॅटमध्ये आधीच बावरलेली असते. तिची बोली समजणारे माणूस मिळाले तर निम्मे दुखणे हलके होते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस घरातील एकाने रजा काढून जवळ राहावे आणि हे पाहावे. त्यानंतरही दररोज आई-वडिलांना एकटे गाठून, “सगळं ठीक आहे ना?” असे विचारावे. म्हातारी माणसे पोरांना त्रास नको म्हणून अनेक गोष्टी गिळून टाकतात. अंगावरील वळ, उगाच आलेली गुंगी, अचानक आलेली गप्पपणाची सवय यांचा अर्थ आपणच लावायचा असतो.

हे पाच प्रश्न झाले. याशिवाय व्यवहाराचे काही प्रश्न कागदावर आले पाहिजेत. ब्युरोचे ऑफिस कोठे आहे ते जाऊन पाहा; नुसत्या फोन नंबरावर विश्वास ठेवू नका. येणाऱ्या व्यक्तीच्या आधार कार्डाची प्रत आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागा. ती आजारी पडली किंवा निघून गेली तर बदली किती तासांत येईल आणि न आल्यास त्या दिवसांचे पैसे परत मिळतील काय? आगाऊ रक्कम आणि कमिशन किती, त्यातले परत मिळणारे किती? रात्री काही घडले तर ब्युरोचा कोणता जबाबदार माणूस फोन उचलील? पूर्वी ज्यांच्या घरी माणूस दिले होते अशा दोन कुटुंबांशी बोलू द्याल काय? हे सर्व करारपत्रात लिहून घ्यावे आणि दर वेळी पावती घ्यावी. पावती असली तर पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. वृद्धांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी हे क्रमांक मुलांकडून मोबाईलमध्ये साठवून घ्यावेत.

घरच्यांनी स्वतःलाही काही विचारायचे आहे. रुग्णाचा खरा आजार आपण येणाऱ्या बाईला सांगितला आहे काय? क्षयरोग असेल, रात्री भ्रम होत असेल, अंगावर धावून जाण्याची सवय असेल तर ते लपवणे हा तिच्यावर अन्याय आहे. शुश्रूषा करण्यास सोपा असा रुग्ण कोण, याचेही पाच गुण महावग्गात आहेत : तो हितकारक तेच करतो, त्यातही मर्यादा जाणतो, औषध घेतो, दुखणे कमी-जास्त जसे असेल तसे खरे सांगतो आणि वेदना सोसतो. घरातील वडीलधाऱ्यांनी हे ऐकावे. आणि घरात एकटी काम करणारी बाई आपल्याकडे सुरक्षित आहे काय, हेही विचारावे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्यात राहते घरही कामाचे ठिकाण धरले आहे.

शेवटी आणखी एक. माणूस ठेवले म्हणजे मुलांची जबाबदारी संपली असे नव्हे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या भरणपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्यात भरणपोषण या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा यांच्याबरोबर वैद्यकीय सेवा आणि उपचारही आले. मुले टाळाटाळ करीत असतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तो अर्ज करण्याची वेळ आपल्या कोणत्याही घरावर न येवो.

मंडळाला आमची विनंती आहे. केरळात १९९० च्या दशकापासून शेजारपाजारचे लोक थोडे शिक्षण घेऊन अंथरुणावरच्या रुग्णांची घरी जाऊन सेवा करतात. परिचारिका आणि डॉक्टर त्यांच्या पाठीशी असतात. आपल्याला तेवढे जमेल न जमेल. पण एक वही घालता येईल. गावात कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाची मुले बाहेर आहेत, कोणाला कोणत्या ब्युरोचा बरा-वाईट अनुभव आला, हे त्या वहीत लिहावे. आरोग्य केंद्रातील सिस्टरांना बोलावून कूस बदलणे, नळीतून भरवणे, जखम न होऊ देणे हे तरुण-तरुणींना शिकवावे. आणि आपल्या ज्या लेकी शुश्रूषेच्या कामाला शहरात जातात त्यांनाही हेच प्रश्न शिकवावेत. ब्युरोला विचारण्याचा अधिकार घरच्यांइतकाच त्यांचाही आहे : काम कोणते, पगार किती, सुट्टी कोणती, राहण्याची सोय कशी, आणि मला जे येत नाही ते मी आधी शिकणार कोठे?

ती मुलगी पुन्हा आमच्या घरी आली. दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिला नळीचे काम हातात हात धरून शिकवले. ब्युरो मध्ये न ठेवता आम्ही पगार थेट तिच्या खात्यात भरू लागलो आणि आठवड्याची सुट्टी देऊ लागलो. वडील त्यानंतर सव्वा वर्ष जगले. पाठीला एक जखम झाली नाही. त्यांची बोली तिला कळत होती. शेवटच्या दिवसांत ते आमच्यापेक्षा तिलाच अधिक हाका मारीत. शिकवले असते तर ती पहिल्या दिवशीही तशीच होती. आम्हीच विचारले नव्हते.

म्हणून बंधू-भगिनींनो, ‘किती?’ हा प्रश्न जरूर विचारा, पण शेवटी. त्याआधी तथागतांचे पाच प्रश्न विचारा.